एक कागद टीव्ही-रूमच्या दारावर

मिनी-प्रोजेक्टचा विषय द्यायची तारीख जवळ आली की आपल्याकडे काय धांदल उडते ते सांगायला नको. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम, हॉटेल मॅनेजमेंट सिस्टीम, ऑनलाइन अटेंडन्स... विषय तेच, फक्त कव्हर नवं. सीनियरकडून सॉफ्ट कॉपी, झेरॉक्सवाल्याकडे स्पायरल बाइंडिंग, ओरलला दोन प्रश्न, की सुटलो! पुढे ते सॉफ्टवेअर कोण वापरतं? कोणीच नाही. रिपोर्ट कपाटात, सीडी हरवलेली आणि आपण पुढच्या सेमिस्टरमध्ये.

म्हणून मी आज एक अगदी किरकोळ वाटणारा विषय सुचवणार आहे. टीव्ही चॅनेलच्या कार्यक्रमांचा कच्चा डेटा घ्यायचा, त्यावर एक छोटी स्क्रिप्ट चालवायची आणि होस्टेलच्या टीव्ही-रूमच्या दारावर चिकटवता येईल असा मराठीतला एक कागद काढायचा. आठवड्याला एक. बस्स.

"एवढंच?" असं विचारणाऱ्यांसाठीच हा लेख आहे. माझं स्पष्ट मत आहे की या 'एवढंच'मध्ये जितके निर्णय घ्यावे लागतात, तितके त्या दहा मॅनेजमेंट सिस्टीममध्ये मिळूनही घ्यावे लागत नाहीत. आणि महाड-पोलादपूरच्या बाजूला राहणाऱ्यांना तर हे काम आलंच पाहिजे. का, ते पुढे सांगतो.

आधी नेहमीचा आक्षेप. मोबाईलवर सगळं दिसतं, सेटटॉप बॉक्सचं गाइडचं बटण दाबलं की यादी येते, मग कागद कशाला? थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हा चॅनेल एकच. निवेदिका संध्याकाळी आजचे कार्यक्रम सांगायची, घरात सगळ्यांना पाठ व्हायचे. पुढे १९९९ मध्ये अल्फा मराठी आलं (आताचं झी मराठी), २००० मध्ये ईटीव्ही मराठी (आताचं कलर्स मराठी), २००८ मध्ये स्टार प्रवाह. २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत डिश आली, २०१७ पर्यंत केबलचं डिजिटायझेशन टप्प्याटप्प्याने देशभर झालं. चॅनेल शेकड्यांनी झाले आणि यादी वर्तमानपत्राच्या रकान्यातून उठून पडद्यावर जाऊन बसली.

गंमत अशी की ती यादी त्याच पडद्यावर असते, ज्याच्यावर बाकीचे चाळीसजण मॅच बघत असतात! शेवटच्या दोन ओव्हर राहिल्यात आणि कोणीतरी रिमोट घेऊन गाइड उघडतोय, हे आपल्या होस्टेलमध्ये करून दाखवा बरं. शिवाय आपला पाऊस. जोराची सर आली की डीटीएचचं सिग्नल जातं, कारण त्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या आणि विखुरल्या जातात. चित्र गेलं की गाइडही गेलं. लाइट गेली तर वायफायही गेलं. दारावरचा कागद मात्र कुठे जात नाही. मोबाईलवरची यादी एकट्याची असते, दारावरची सगळ्यांची. बुधवारी रात्री साडेआठला काय लावायचं ते सोमवारीच ठरतं, भांडण तिथेच मिटतं. मेसमधल्या मावशींनाही त्यांची मालिका किती वाजता आहे हे कोणाला विचारावं लागत नाही.

आता कामाकडे येऊ. कच्चा डेटा दिसतो कसा? टीव्हीच्या यादीसाठी जगभर वापरला जाणारा एक साधा एक्सएमएल फॉरमॅट आहे, त्याचं नावच एक्सएमएलटीव्ही. त्यात प्रत्येक कार्यक्रमाची एक नोंद असते: सुरू कधी, संपणार कधी, चॅनेल कुठलं, नाव काय. सुरू होण्याची वेळ अशी लिहिलेली असते:

२०२५०७१४१८४५०० +००००

सलग चौदा आकडे. वर्ष, महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद. पुढचे चार शून्य म्हणजे ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. डीटीएचच्या सिग्नलमधून येणारी माहिती तर याहून अवघड. तिथे तारीख म्हणजे १७ नोव्हेंबर १८५८ पासून मोजलेले दिवस. १४ जुलै २०२५ चा आकडा ६०८७०. या आकड्याला १६ बिट दिलेत, ते २२ एप्रिल २०३८ ला भरतात. तोपर्यंत आपण सगळे नोकरीला लागलेले असू, पण कोणाला तरी तो प्रश्न सोडवावा लागणार आहे.

यूटीसी का वापरतात ते फुटबॉलवाल्यांना विचारा. इंग्लंडमध्ये दुपारी तीनला सुरू होणारी मॅच आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसातला दिसते आणि ऑक्टोबरअखेर त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठला. घड्याळं त्यांनी फिरवायची आणि जेवण आपलं हुकायचं! यूटीसी कोणासाठी पुढे-मागे होत नाही. आपल्याकडे तर सोपंच: साडेपाच तास मिळवा, बारा महिने.

मिळवू या. १४ जुलैचे १८.४५ अधिक ५.३० म्हणजे १५ जुलै, रात्री १२.१५. १४ जुलै २०२५ सोमवार होता. म्हणजे कॉम्प्युटरच्या मते हा कार्यक्रम मंगळवारचा. आता टीव्ही-रूममध्ये जाऊन "मंगळवारी रात्री सव्वाबाराला सिनेमा आहे" असं सांगा. पोरं मंगळवारचं जेवण करून, अंथरुणं घेऊन येतील आणि सिनेमा आदल्या रात्रीच होऊन गेलेला असेल. आपण बोलताना सोमवारच्या जेवणानंतरच्या रात्रीला सोमवारची रात्रच म्हणतो. आपल्या पंचांगातही वार सूर्योदयापासून धरतात, मध्यरात्रीपासून नाही. जपानी टीव्हीवाल्यांनी यावर झकास तोड काढली आहे. रात्री एकला ते '२५ वाजता' असं छापतात, म्हणजे दिवस आदलाच राहतो. आपण २५ वाजता लिहिलं तर वॉचमनकाका आपल्यालाच वेड्यात काढतील. तेव्हा माझा नियम असा: पहाटे चारपर्यंतचा कार्यक्रम आदल्या दिवसाच्या यादीत शेवटी टाकायचा आणि 'सोमवारी मध्यरात्रीनंतर १२.१५' असं स्वच्छ लिहायचं. आकडेमोड कॉम्प्युटरने केली, पण दिवस कुठे संपतो ते ठरवलं आपण. हे पुस्तकात मिळत नाही, माणसं कशी बोलतात ते ऐकून ठरवावं लागतं.

पुढचा प्रश्न शब्दांचा. '२०:३०' हे बरोबर आहे, पण कोण म्हणतं तसं? आपण म्हणतो रात्री साडेआठ. स्क्रिप्टमध्ये पाच खण करायचे: पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री. रात्र सातला सुरू करायची की आठला, यावर होस्टेलमध्ये अर्धा तास वाद होईल. होऊ द्या! तो वाद म्हणजेच तुमचं रिक्वायरमेंट ॲनालिसिस.

मग कार्यक्रमांची नावं. डेटामध्ये मराठी मालिकांची नावंही बऱ्याचदा रोमन लिपीत येतात. एम-ए-एल-ए असं आलं तर ते मला, माला, माळा की मळा? रोमनचं देवनागरी आपोआप करणारे प्रोग्राम आहेत, पण नावांच्या बाबतीत ते अंदाजच बांधतात. इथे हुशारी करू नये. एक साधी टेक्स्ट फाइल करावी, डावीकडे डेटात येणारं नाव, उजवीकडे खरं मराठी नाव. मालिका महिनोन् महिने चालतात. चाळीस-पन्नास ओळींत काम भागतं आणि नवीन मालिका आली की एक ओळ वाढवायची. फाइलमध्ये नसलेलं नाव आलं तर स्क्रिप्टने गपचूप काहीतरी छापू नये, नाव जसंच्या तसं ठेवून पुढे प्रश्नचिन्ह टाकावं.

आता खरा चकवा. सगळे रकाने सरळ दिसावेत म्हणून आपण सी शिकताना जे केलं तेच करतो: नाव किती अक्षरांचं आहे ते मोजायचं आणि उरलेल्या जागेत स्पेस भरायच्या. देवनागरीत हे कोसळतं. 'महाड' आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, कॉम्प्युटर युनिकोडमध्ये चार मोजतो, कारण काना वेगळा. 'पोलादपूर' आपल्याला पाच, त्याला आठ. 'स्त्री' हे आपलं एक जोडाक्षर, त्याच्या लेखी सहा चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये साठवलं तर १८ बाइट! शिवाय छापताना कुठलं अक्षर किती रुंद ते फॉन्टवर अवलंबून. म्हणजे स्पेस भरून रकाना कधीच सरळ येणार नाही. उपाय साधा आहे. वेळ डावीकडे, आकड्यांत, कारण आकडे सारख्या रुंदीचे मिळतात. नाव उजवीकडे, शेवटी, हवं तेवढं लांब. किंवा सरळ एचटीएमएलचं टेबल करून प्रिंट काढायचं. इंग्रजी पुस्तकातला उपाय मराठीला जसाच्या तसा चालत नाही, हे एका दुपारच्या प्रॅक्टिकलमध्ये कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र गाळण्याचं. एका चॅनेलच्या दिवसाच्या यादीत तीच मालिका तीन-चार वेळा असते, अधूनमधून टेलिशॉपिंग. सगळं छापलं तर आठवड्याच्या यादीला पानंच्या पानं लागतील आणि ती कोणी वाचणार नाही. म्हणून पुन:प्रक्षेपण एका ओळीत: 'पुन्हा: दु. १, रात्री ११.३०'. रोजच्या मालिकेसाठी सहा ओळी नकोत, 'सोम. ते शनि.' पुरे. वर्तमानपत्रातले उपसंपादक हेच हाताने करायचे. काय गाळलं ते खाली बारीक अक्षरात लिहायचं. डेटात भोक असेल तर गेल्या आठवड्याची मालिका तिथे चिकटवायची नाही, 'माहिती आलेली नाही' असं छापायचं. आणि वर, ठळक: 'ही यादी रविवारी रात्री १० वाजता तयार केली.' या एका ओळीसाठी मी अर्धे मार्क देईन.

डेटा कोणाचा, हाही प्रश्न आहेच. आयर्लंडमध्ये मॅगिल नावाच्या प्रकाशकाला सगळ्या चॅनेलची एकत्र साप्ताहिक यादी छापायची होती. तिथे प्रत्येक प्रक्षेपक आपापली यादी स्वतःच्याच साप्ताहिकात छापायचा आणि कॉपीराइट सांगून दुसऱ्याला द्यायचा नाही. प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं आणि एप्रिल १९९५ मध्ये निकाल प्रक्षेपकांच्या विरुद्ध लागला. गिऱ्हाईक अशा एकत्र यादीची वाट बघतंय, ती तुम्ही स्वतः काढत नाही आणि दुसऱ्यालाही काढू देत नाही, हे चालणार नाही, असा त्याचा मथितार्थ. तो त्यांच्याकडचा कायदा. आपण काढणार तो कागद आपल्या होस्टेलपुरता. तरीही डेटा जिथून घेतला त्यांच्या अटी वाचायच्या आणि खाली त्यांचं नाव द्यायचं. जर्नल कॉपी करायची सवय असलेल्यांना हा धडा वेगळा शिकवायला नको!

इथवर वाचून कोणी म्हणेल, मालिकेच्या वेळेसाठी एवढा खटाटोप? एक एपिसोड चुकला तर काय आभाळ कोसळणार आहे? बरोबर. म्हणूनच सरावाला हा विषय चांगला. पण आपल्या भागात आभाळ खरोखर कोसळतं, आणि तेव्हाही नेमके हेच प्रश्न समोर येतात.

दिवस कुठे संपतो हाच प्रश्न घ्या. हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री संपत नाही, सकाळी साडेआठला संपतो (यूटीसीत पहाटे तीन). मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या पावसाचा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. तो २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा आहे. २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, तो २३ जुलैच्या सकाळपर्यंतचा. नुसता तक्ता बघणाऱ्याला '२३ जुलै: ५९४' असं दिसेल. पण महाड पाण्यात गेलं आणि तळियेची दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, ती तारीख २२ जुलै. आकडा खरा, तारीखही नियमाप्रमाणे खरी, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात चुकीचा दिवस बसला. सोमवार-मंगळवारच्या सिनेमाचीच गोष्ट, फक्त किंमत वेगळी.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरला येते, तिथून महाड आणि पुढे बाणकोटच्या खाडीने समुद्रात. वर घाटमाथ्यावर पडलेलं पाणी आपल्याकडे यायला वेळ लागतो. खाली समुद्राला भरती असेल तर पाण्याला लवकर वाट मिळत नाही. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६.०० मीटर, धोक्याची ६.५०. प्रशासन पावसाळ्यात नदीची पातळी जाहीर करतं, भरतीची वेळापत्रकं आधीच छापलेली असतात, पावसाचे आकडे रोज येतात. म्हणजे डेटा आहे. पण तीन ठिकाणी, तीन पद्धतींनी, आणि बाजारपेठेतल्या दुकानदाराला लागतं ते एका ओळीत नाही.

समजा, कागदावर लिहिलं: 'सावित्री ५.८०'. यातून काय कळलं? आता हे बघा: 'सावित्री, महाड: ५.८० मीटर, दुपारी ३ वाजता मोजली. इशारा पातळीपेक्षा २० सें.मी. खाली. दुपारी १२ ला ५.३० होती. पुढची भरती संध्याकाळी ६.१५.' आकडे उदाहरणादाखल आहेत, पण फरक कळला ना? पहिल्या ओळीत माहिती आहे, दुसरी वाचून माणूस माल माळ्यावर चढवायला घेईल. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालचा कागद आज चालत नाही. तयार केल्याची वेळ वर ठळक का हवी, ते इथे कळतं. पातळीचा आकडा आला नाही तर 'माहिती आलेली नाही' हेच छापायचं, मागचा आकडा दडपून द्यायचा नाही. आणि अर्थातच, प्रशासनाचा इशारा आला की आपला कागद बाजूला ठेवायचा आणि इशारा पाळायचा. स्क्रिप्ट सायरनची जागा घेऊ शकत नाही.

एसटीचंही तेच. स्टँडवरच्या फलकावर '१८.४५' लिहिलेलं असतं, पण पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतल्या माणसासाठी ती असते मुक्कामाची गाडी. रात्री गावात थांबते आणि सकाळी पोरांना शाळेला आणते. वेळ चार मिनिटांनी बदलली तर चालेल, 'मुक्कामाची' हा शब्द गाळला तर त्या माणसाच्या दृष्टीने गाडीच गेली. यादी करणाऱ्याला हे माहीत असायला हवं, आणि ते कुठल्याच डेटाबेसमध्ये नसतं.

म्हणून माझं सरांना आणि मॅडमना सांगणं आहे की हा विषय मिनी-प्रोजेक्ट म्हणून मान्य करावा. मार्क स्क्रीनशॉटवर देऊ नयेत. कागद चार आठवडे दारावर लावावा आणि मग मेसच्या मावशींना, वॉचमनकाकांना आणि एफवायच्या एखाद्या मुलाला विचारावं: गुरुवारी रात्री नऊला काय आहे? दहा सेकंदांत, कोणाची मदत न घेता उत्तर आलं तर पास. नाही आलं तर स्क्रिप्ट कितीही 'ऑप्टिमाइज्ड' असो, केटी! रेक्टर सरांना विनंती, की दारावर ए-फोर मापाची एक जागा आणि महिन्याला चार प्रिंट एवढं मंजूर करावं.

आणि मुलांना सांगणं: शंभर-सव्वाशे ओळींचं काम आहे, एकट्याने करू नका. एकाने वेळेचं बघा, एकाने नावांची फाइल, एकाने छपाई. कोणी पास होऊन गेलं तर पुढच्या वर्षीच्या मुलाला चालवता यावी म्हणून एका पानावर मराठीत लिहून ठेवा, कुठली फाइल कुठे आहे ते. आधी टीव्हीची यादी नीट जमू द्या. तिथे चूक झाली तर फार तर शिव्या बसतील. सात जूनच्या आत ती जमली, तर त्याच स्क्रिप्टला दुसरा डेटा जोडायला एक शनिवार-रविवार पुरतो, आणि मग जूनपासून दारावर दोन कागद लागतील.